भूत कुठल्या घराण्याचं?

गाण्यातला दर्दी पुण्यात मिळतो, नाटकातला दादर-पार्ल्यात. भुताच्या सिनेमातला दर्दी हवा असेल तर कर्जतला उतरून खोपोलीची लोकल पकडावी. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत जाणाऱ्या त्या गाडीच्या कुठल्यातरी डब्यात तो असतो. ओळखायला मात्र सोपा नाही. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, खोपोलीच्या बाजूला कारखान्यात पाळीवर जाणारा, हातात डबा, कपाळाला सकाळचं गंध. भुताखेताशी या माणसाचा काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही. पण खिडकीतून शेताच्या कडेला एखादा पडका, वेल चढलेला बंगला दिसला की तो हळहळतो. आपल्याला वाटतं, मालकासाठी. तो म्हणतो, "वाया चाललाय हो! इथं रामसे बंधू उतरले असते तर भुताचे तीन पिक्चर निघाले असते."

कर्जत-खालापुरात आज मोकळी जागा दिसली की जो तो मनातल्या मनात गुंठ्याचा भाव काढतो. साखळदंड कुठल्या तुळईला टांगता येईल, हे बघणारा हा एकटाच.

आता एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. या माणसाचा भुतांवर काडीचा विश्वास नसतो. रात्रपाळी सुटल्यावर भाताच्या खाचरांतून तो एकटा घरी येतो, तेव्हा त्याला भीती असते ती सापाची, मोकाट कुत्र्यांची आणि घरी दार उघडणाऱ्या वहिनींची. आजीनं सांगितलेले मुंज्या, खवीस, चकवा, गिऱ्हा हे सगळे त्याला तोंडपाठ आहेत, पण त्यांच्याबद्दल फारसा आदर नाही. "मुंज्याला लागतं काय? एक पिंपळ. चकव्याला तेवढंही नाही. ना मेकअप, ना लाइटिंग. बिनभांडवली धंदा. आमच्या 'पुराना मंदिर'मधल्या सामरीला तासन्‌तास खुर्चीत बसून चेहऱ्यावर लेप थापून घ्यावा लागायचा, तेव्हा कुठं पडद्यावर दोन मिनिटं!"

या भक्तीचं मूळ गौरी-गणपतीच्या जागरणात आहे. ऐंशीच्या दशकात आळीतल्या पोरांनी वर्गणी काढायची, भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, सोबत तीन कॅसेट. क्रम ठरलेला. पहिली कॅसेट देवाची, म्हणजे आजी-आजोबा खूश. दुसरी अमिताभची. तिसरी लागायची रात्री दोननंतर, आणि तिचं नाव वर्गणीच्या हिशोबात 'किरकोळ' या सदरात असायचं. तोवर थोर मंडळी घोरू लागलेली. सेन्सॉरनं 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का मारलेला सिनेमा आळीतले सगळे अप्रौढ गोधडीतून एकेक डोळा काढून बघत. त्यातच मध्येच लाइट जायची. टीव्ही बंद, बाहेर धो धो पाऊस, आणि सामरीचा हात नायिकेच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबलेला. लाइट येईपर्यंत तो तसाच थांबायचा. दर्दी सांगतो की एवढा परिणाम पुढं कुठल्याच दिग्दर्शकाला साधला नाही, आणि त्याचं श्रेय तो वीज मंडळाला देतो.

त्याला 1984 साली काय घडलं असं विचारलं, तर तो पहिल्यांदा 'पुराना मंदिर' सांगतो. त्या वर्षाच्या बाकीच्या घटना त्याला मागाहून आठवतात.

रामसेंचा विषय निघाला की तो कानाची पाळी धरतो, थेट उस्तादांचं नाव घेतल्यासारखी. आणि एका अर्थी ते घराणंच होतं. वडील फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी. फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान, मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला. आडनावाचं रामसे झालं. मुलगे सात. 1970 साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. पृथ्वीराज कपूर, मुमताज, आणि सपाटून पडला. पण मुलांनी थिएटरात एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक आरडाओरडा करत होते; बाकी वेळ खुर्च्या मोकळ्या. पोरांनी वडिलांना सांगितलं की लोकांना मुखवटा हवाय, बाकीचं नकोय. दर्दी हा प्रसंग सांगतो तो गुरुचरित्रातला अध्याय सांगावा तसा, आणि इथं आवाज खाली आणतो.

पुढचा अध्याय काश्मीरचा. वडिलांनी जोसेफ मॅसेलीचं छायाचित्रणावरचं पुस्तक मुलांच्या हातात ठेवलं. श्रीनगरला हाउसबोटीत राहून सगळ्या भावांनी त्याचा अभ्यास केला आणि कामं वाटून घेतली. कुमारनं लिहायचं, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचं, गंगूनं कॅमेरा धरायचा, किरणनं आवाज सांभाळायचा, केशू आणि अर्जुन उरलेल्या आघाड्यांवर. मग 1972 साली 'दो गज जमीन के नीचे'. बसमध्ये सगळी मंडळी भरली आणि महाबळेश्वर गाठलं. सरकारी विश्रामगृहात मुक्काम, स्वयंपाकाला घरच्याच बायका. "विचार करा," दर्दी म्हणतो, "भूत उकरून काढायचं आणि परत पंगतीला वेळेवर यायचं. नाहीतर आई रागावणार."

माझ्या मते त्याच्या सगळ्या प्रेमाचं मर्म इथं आहे. तो सिनेमा बघत नसतो, तो बिऱ्हाड बघत असतो. पडद्यावर धुकं पसरलं की आपल्याला धुकं दिसतं. त्याला फ्रेमच्या बाहेर धुपाटणं घेऊन उकिडवा बसलेला आणि स्वतःच ठसकणारा माणूस दिसतो. कोळ्याच्या जाळ्यातून नायिका जाते आणि जाळं तिच्या केसांना चिकटून पुढं पुढं येतं, तेव्हा आपण हसतो. तो म्हणतो, "जाळं एकच होतं. दुसरा टेक नव्हता. पोरगी थांबली नाही, हे बघा." लाल उजेड एका गालावर, निळा दुसऱ्या गालावर, आणि दोन्ही कुठून येतायत याचा खोलीत काही पत्ता नाही. खोलीत दिवा म्हणाल तर एक मेणबत्ती! तो गंगू रामसेचं नाव घेऊन मान डोलावतो. दाद देण्याची जागा चुकत नाही.

सामरीवर तर त्याचं विशेष प्रेम. 'पुराना मंदिर'मधला हा दैत्य, ज्याचं मुंडकं राजानं पेटीत बंद करवलं आणि धड वेगळं पुरलं, तो साकारला अजय ऊर्फ अनिरुद्ध अग्रवाल यांनी. ते रूरकीचे इंजिनिअर, तेही सिव्हिलचे. ही माहिती मिळाल्यापासून दर्दीच्या घरातलं शैक्षणिक वातावरण बदललं. तालुक्यातला प्रत्येक बाप बारावीच्या पोराला इंजिनिअर हो म्हणून सांगतो, हासुद्धा सांगतो, फक्त पुढं जोडतो, "डिग्री घेऊन ठेव. पुढं भूतसुद्धा होता येतं." पोरगं आयटीत गेलं. बापाला ते अजून लागून राहिलंय.

कुणी 'पुराना मंदिर'ला हिंदी सिनेमा म्हटलं की तो बोटं मोडत हिशोब मांडतो. नायक मोहनीश बहल, म्हणजे आपल्या नूतनचा मुलगा आणि शोभना समर्थांचा नातू. ललिताबाई पवार आहेत. सदाशिव अमरापूरकर आहेत, 'अर्धसत्य'ला वर्ष उलटलं असेल-नसेल. "उरलं काय? संवाद तेवढे हिंदीत." जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा, मच्छरसिंगचा भाग मात्र तो पुढं ढकलतो. तिथं कुणीच हसू नये अशी त्याची अपेक्षा असते, आणि ती बहुधा पुरी होते. 'वीराना'त सतीश शाह भुताचे सिनेमे काढणाऱ्या दिग्दर्शकाच्या भूमिकेत आहेत आणि त्या पात्राचं नाव हिचकॉक. हे सांगताना त्याला एकट्यालाच हसू आवरत नाही. रामसे स्वतःकडं बघून हसले, आता तुम्ही हसायची गरज नाही, असा त्या हसण्याचा अर्थ.

अस्सल मराठी भुतांबद्दल त्याचा निकष एकच: हात दिसतो का? 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूला तो मानतो, कारण त्या बाहुल्यामागं रामदास पाध्ये आहेत. मूळ कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वरून आलेली आहे, असं पुतण्यानं ऐकवलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "असू दे. त्यांच्या बाहुल्याला तमाशातलं कळतं का?" याच पुतण्यानं त्याला एड वुडबद्दल सांगितलं. अमेरिकेतला हा दिग्दर्शक, 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'वाला. त्याचा नट बेला लुगोसी 1956 साली वारला, तर वुडनं बायकोच्या हाडवैद्याला झगा घालून, झग्यानंच तोंड झाकून उरलेल्या प्रसंगात उभा केला. दर्दी उठून उभा राहिला. "नट गेला तरी काम चालू? अरे, याला म्हणतात भूत!" त्या रात्री वुडला घराण्यात घेण्यात आलं.

तालुक्यातल्या आधुनिक सोयींशी त्याचं जमत नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'सलीमगढ' नावाचं भुतांचं दालन आहे. घरच्यांसोबत तो गेला, बाहेर आला आणि कोकम सरबत पीत गप्प बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "एसी होता हो आत. प्रेताला घाम नाही!" उलट चौकजवळच्या नितीन देसाईंच्या स्टुडिओत मात्र त्याचं चित्त रमलं. 'जोधा अकबर'साठी तिथं आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता. बाकीचे पाहुणे तटबंदीसमोर फोटो काढत होते, तेव्हा हा प्रत्येक बुरुजावर टिचकी मारत हिंडत होता. पोकळ आवाज आला की चेहरा खुलायचा. रखवालदारानं हटकलं तर त्यालाच सांगितलं, "खऱ्या किल्ल्याला हात लावून काय कळतं? दगड लागतो. इथं माणसाची करामत लागते."

अशा माणसाचा समाजाला उपयोग काय, असा प्रश्न इतकी वर्षं वहिनी विचारत होत्या. उत्तर फार्महाऊसवाल्यांनी दिलं. कर्जतच्या आसपास आता शनिवार-रविवारी जे मुंबईकर येतात त्यांना धबधबा, चुलीवरचं मटण आणि तरणतलाव एवढ्यावर करमत नाही. एका बंगलेवाल्याच्या डोक्यात 'जुन्या भूतपटांची रात्र' शिरली, आणि कुणीतरी दर्दीचं नाव सुचवलं. अंगणात पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर लावला. ऑफिसातली पोरंपोरी वडे खात बसली आणि सामरी येताच खो खो हसू लागली.

दर्दीनं सिनेमा थांबवला.

आपल्याला वाटलं, आता अपमान झाल्याचं भाषण होणार. तो फक्त म्हणाला, "हसा, पण जागेवर हसा. तो चालताना दचकतोय ना, ते बघा. त्याला चेहऱ्यावरच्या लेपातून समोरचं दिसत नाहीये. कुठं धडपडेल याची त्यालाच भीती आहे." मग तो प्रसंग परत लावला. एवढा आडदांड राक्षस पायानं जमीन चाचपत, जपून जपून येतोय, हे एकदा दिसल्यावर हसणं बदललं. एका मुलीनं विचारलं, "काका, हे धूर कसा करायचे?" झालं. प्रोजेक्टर बाजूला राहिला. पहाटेपर्यंत धूर, मेणाचे चेहरे, दारं करकरायला लावायची युक्ती, मुरूडच्या नबाबाच्या वाड्यात रामसेंनी केलेलं शूटिंग, असं सगळं सुरू होतं. मुरूड आपल्याच रायगड जिल्ह्यात, म्हणजे सामरीला अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून रहिवासी दाखला मिळाला असता, हे तो दोनदा म्हणाला.

बंगलेवाला खूश. त्यानं पुढच्या वेळेसाठी सल्ला मागितला. दर्दीनं बंगला फिरून पाहिला आणि दोष काढले. झाडं फार कापलेली. विहीर होती ती बुजवून तरणतलाव केला, हे तर अक्षम्य. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणं आजपासून बंद. आणि मुख्य म्हणजे पाहुणे रात्री फाटकाशी येतात तेव्हा वॉचमन शिट्टी वाजवतो आणि वहीत गाडीचा नंबर लिहून घेतो. हे चालणार नाही. त्यानं घोंगडी पांघरून, कंदील चेहऱ्यापाशी धरून, क्षणभर काही न बोलता पाहुण्यांकडं नुसतं बघायचं. मग घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "वाट चुकलात का?"

वॉचमन जवळच्याच वाडीतला, तिशीतला, मोबाइलवर क्रिकेट बघणारा. त्याला नीट तालीम दिली. आवाज काही घोगरा लागेना, पण बघणं चांगलं जमलं. दोन शनिवार काम उत्तम झालं. आलेल्या एका कुटुंबानं तर गाडी उलटी वळवली आणि फोन करून पत्ता पक्का केला. तिसऱ्या शनिवारी वॉचमन मालकापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, "शेठ, पगार राखणीचा आहे. भुताचं काम त्यात धरलेलं नाही. घोंगडीचे रात्रीला पाचशे वेगळे पडतील."

मालकानं दर्दीकडं पाहिलं, मध्यस्थी करा म्हणून.

"पाचशे?" दर्दी म्हणाला. "आणि मेकअपचे?"