‘चुकून’ सापडलेल्या खेळाडूंना आटगावहून अनावृत पत्र

मु. पो. आटगाव, ता. शहापूर, जि. ठाणे

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत नकळत, अनवधानाने आणि केवळ डॉक्टरांवर भरवसा टाकल्यामुळे सापडलेल्या समस्त नामवंत खेळाडूंना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या प्रकृतीची आम्हाला फार काळजी लागून राहिली आहे. आम्हा आटगावकरांचा आजवर असा समज होता, की जगातली सगळ्यात धडधाकट माणसं ऑलिंपिकला जातात. पण आपल्यावरचे खटले वाचायला घेतले आणि डोळे उघडले. कोणाच्या हृदयाचे ठोके चुकतात, कोणाच्या अंगात मॅग्नेशियम कमी, कोणाला दमा, कोणाला खोकला. इतकी दुखणी अंगावर काढून आपण धावता, पोहता, कुस्ती मारता आणि वर पदकंही आणता! आमच्याकडे यातलं एक दुखणं असलेला माणूस कसारा लोकल चुकली तरी चालेल म्हणतो, पण पुलाचा जिना चढत नाही.

२०१६ सालचंच बघा. मेल्डोनियम नावाचं औषध. लॅटव्हियातल्या इवार्स काल्विन्श या शास्त्रज्ञानं सोव्हिएत काळात शोधलेलं, हृदयाला रक्त कमी पडणाऱ्या रुग्णांसाठी वापरलं जाणारं. ते खेळाडू मोठ्या संख्येनं घेतात असा संशय ‘वाडा’ला आला. (आमच्या शेजारचा वाडा तालुका नव्हे; मॉन्ट्रियलची जागतिक उत्तेजकविरोधी संस्था.) २०१५ हे वर्ष तिनं नुसतं लक्ष ठेवलं, सप्टेंबरच्या अखेरीस नवी यादी जाहीर केली आणि १ जानेवारी २०१६ पासून बंदी घातली. एप्रिलच्या मध्यापर्यंत १७२ नमुन्यांत ते सापडलं! त्यात मल्ल होते, जलतरणपटू होते, बर्फावर घसरणारे स्केटर होते. एकाच हिवाळ्यात इतक्या बलदंड माणसांची हृदयं एकदम नाजूक व्हावीत, ही वैद्यकशास्त्रातली मोठीच घटना म्हणायची.

आपल्यातल्या काहींवर खरोखर अन्याय झाला, हेही मोकळेपणानं लिहितो. हे औषध अंगात किती दिवस रेंगाळतं, हे बंदी घालणाऱ्यांनाच नीट ठाऊक नव्हतं. डिसेंबरात शेवटची गोळी घेतलेला माणूसही फेब्रुवारीत सापडू शकत होता. ते ध्यानात आल्यावर वाडानं नियम सैल केले आणि पुष्कळजण सुटले. काल्विन्शसाहेबांना तर बंदीच मुळात चुकीची वाटत होती. शोधणाऱ्याचा जीव आपल्या शोधावर असायचाच.

पण आम्हाला सगळ्यात जास्त आवडली ती मारिया शारापोव्हाबाईंची हकीकत. २६ जानेवारी २०१६ रोजी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यांची चाचणी झाली आणि ७ मार्चला त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये पत्रकारांना बोलावून स्वतःच सगळं सांगून टाकलं, याचं श्रेय त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. औषध त्या दहा वर्षं घेत होत्या. बंदीची यादी ईमेलनं आली होती, पण त्या दुव्यावर बोट काही पडलं नाही. यादी तपासायचं काम व्यवस्थापकांकडे होतं. ते दरवर्षी कॅरिबियन बेटांवर सुट्टीला जात आणि तिथे पोहण्याच्या तलावाकाठी बसून यादी चाळत. २०१५ साली घरगुती कारणानं सुट्टी झाली नाही, म्हणून यादीही वाचली गेली नाही. हे सगळं न्यायाधिकरणापुढे नोंदलं गेलं आहे. आमच्या पदरचं एक अक्षर नाही. चाचणीच्या वेळी घेत असलेली औषधं फॉर्मवर लिहायची असतात, तिथेही हे नाव राहून गेलं. शिक्षा दोन वर्षांची झाली. लॉसानच्या क्रीडा लवादानं चूक फार मोठी नव्हती असं मानून ती पंधरा महिन्यांवर आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये बाई पुन्हा कोर्टवर उतरल्या.

आटगावच्या फलाटावर टीसी पास मागतात, तेव्हा ‘कालच संपला हो, लक्षातच नाही राहिलं’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. टीसी शांतपणे पावती फाडतात. पासवरची तारीख वाचायला तुम्ही माणूस नेमला होता का आणि तो यंदा कुठल्या बेटावर गेला नाही, एवढ्या खोलात ते शिरत नाहीत. आपला नियमही अगदी असाच आहे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. खरंच आजारी असलेल्याला आधी अर्ज करून उपचारासाठी सूट मागता येते. एवढी सोय असूनही आपण सूट मागायच्या ऐवजी कारण शोधत बसता, याचं आम्हाला कोडं पडतं.

आणि कारणंही काय एकेक! जर्मनीचे डीटर बाउमन, पाच हजार मीटरचे ऑलिंपिक विजेते, १९९९ साली सापडले आणि दोष टूथपेस्टवर आला. स्पेनचे सायकलपटू कॉन्टाडोर यांनी मांसाच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. फ्रान्सचे टेनिसपटू रिशार गास्के यांच्या अंगात कोकेन गेलं ते म्हणे मायामीत घेतलेल्या चुंबनातून. लवादानं ते मानलं आणि गास्के सुटले. भारताच्या रिले संघातल्या मुली २०११ साली सापडल्या, तेव्हा युक्रेनियन प्रशिक्षकांनी चीनमधून घेतलेलं जिनसेंग पुढे आलं. मुलींवर बंदी आली.

महाराष्ट्राच्या जिवाला जास्त लागली ती नरसिंग यादव यांची गोष्ट. महाराष्ट्र केसरीची गदा लागोपाठ तीनदा खांद्यावर घेतलेला, जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेला मल्ल. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते कालवलं, असं त्यांचं म्हणणं. नाडानं, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, १ ऑगस्ट २०१६ रोजी ते मान्य केलं. वाडा अपिलात गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्ती दुसऱ्या दिवसावर आलेली असताना, लवादानं रिओतच चार वर्षांची बंदी सुनावली. पुरावा द्या, म्हणाले. खुराकावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं असतं, हे तालमीतलं शेंबडं पोरही जाणतं. तेवढं लक्ष देशाच्या शिबिरात ठेवलं गेलं नाही असं मानलं, तर ती लाज एकट्या मल्लाची उरत नाही.

मग आमच्या अगदी दाराशी आलेलं प्रकरण. पृथ्वी शॉ विरारचे. २०१४ पर्यंत विरार आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणून पोराचं कौतुक आम्हालाही तेवढंच. पहिल्याच कसोटीत शतक! फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला टी-ट्वेंटी स्पर्धेत नमुना घेतला, त्यात टर्ब्युटॅलिन निघालं. खोकल्याच्या औषधातून आलं, असं त्यांनी सांगितलं आणि क्रिकेट मंडळानं ते स्वीकारलं. बंदी आठ महिन्यांची, पण मागच्या तारखेनं, १६ मार्चपासून. आम्हाला बातमी कळली ३० जुलैला, म्हणजे शिक्षा ऐकू येईपर्यंत निम्म्याहून जास्त भोगूनही झाली होती. त्यानंतर दहाएक दिवसांत मंडळानं नाडाच्या चाचण्यांखाली यायचं कबूल केलं. एका बाटलीनं एवढं काम केलं! शहापूर तालुक्यात पावसाळ्यात घरटी एकजण खोकतो. बाटल्या आम्हीही रिचवतो, पण त्या पिऊन आम्हाला नुसती झोप येते.

तरी आपल्यातले सगळ्यात प्रामाणिक आम्हाला दिल्लीत दिसले. सप्टेंबर २०२३, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, दिल्ली राज्य मैदानी स्पर्धा. नाडाची माणसं आल्याची कुणकुण लागली आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे सातजण अचानक गायब. अडथळ्यांच्या शर्यतीतली एक मुलगी तर अंतिम रेषा ओलांडूनही धावतच राहिली, कारण मागे तपासणी अधिकारी होता. स्वच्छतागृहात सुया सापडल्या. या मंडळींनी ना डॉक्टरला पुढे केलं, ना टूथपेस्टला. जिथून पळायला हवं तिथून सरळ पळाले. त्याच २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं निघाली. पाच हजारांच्या वर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. एका बाबतीत तरी आपण पहिले आलो.

पुढच्या खेपेला कारण कमी पडू नये म्हणून आटगावच्या वतीनं काही नग विनामूल्य सादर करतो. एक, माहुली गडाच्या रानातल्या वैदूनं दिलेली मुळी. दोन, म्हशाच्या जत्रेत गर्दीत खाल्लेली भेळ. पौष पौर्णिमेला तिथे लाख माणूस जमतं, शोधणार कोणाला? तीन, संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये कल्याणला कोणीतरी दंडात सुई टोचली. या तिसऱ्या कारणावर तर लवादही विश्वास ठेवेल. ज्यानं ती गर्दी पाहिली आहे, तो काहीही मानायला तयार होतो.

आता विनोद बाजूला ठेवतो, कारण पत्र लिहायचं खरं कारण पुढेच आहे.

तानसा, वैतरणा आणि भातसा ही धरणं आमच्या या भागातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि वैशाखात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. तुमच्या खेळाचंही आमच्याशी असंच नातं झालं आहे. पदकं तिकडे राहतात, सुया इकडे येतात. पहाटे मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेनं, ट्रकच्या दिव्यांत, आमची पोरं धावताना दिसतात. ती ऑलिंपिकची तयारी करत नसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नास गुण असतात आणि मुलांसाठी त्यातले वीस एकट्या सोळाशे मीटरला. दोन-चार सेकंदांवर घरातली पहिली सरकारी नोकरी लटकलेली असते. भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडे इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या राज्यातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आल्या आहेत.

मेफेंटरमीन हे त्यातलं एक नाव. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला, तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते टोचतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरी ते चोरवाटेनं जिमपर्यंत पोचतं आणि अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडूनही पुन्हा पोचतं. धडधाकट पोरानं ते टोचून घेतलं, की दम लागल्याचं कळत नाही. दम मात्र लागलेलाच असतो. हृदय मर्यादेपलीकडे धडधडतं, रक्तदाब चढतो, झोप उडते, आणि हळूहळू सुईशिवाय पाय उचलत नाही. हे नावही वाडाच्या यादीत आहे. पण या पोरांना ईमेल येत नाही. त्यांची यादी वाचायला व्यवस्थापक नाही, बाजू मांडायला लॉसानचा लवाद नाही, आणि मागच्या तारखेनं मोजायला बंदीही नाही. ‘माहीत नव्हतं’ हे वाक्य खरंखुरं बोलण्याचा हक्क कोणाचा असेल तर तो यांचा. तुम्ही ते वकिलांची फी भरून वापरता.

यादी गुप्त नाही. ती दर १ जानेवारीला बदलते आणि तीन महिने आधी जगजाहीर होते. २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर बंदी आली, तीही अशीच आगाऊ सांगून. औषधाचं नाव टाकून पाहायला नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप आहे. एवढं असताना नाव, पैसा आणि डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाचं अज्ञान ही चूक नसते, ती सोय असते. ज्याला सोय परवडते त्यानं तिची किंमत निमूटपणे भरावी, असं आमचं मत आहे.

म्हणून एक विनंती. बंदी संपल्यावर पुनरागमनाची मुलाखत द्यायच्या आधी कसारा लोकल पकडा आणि आटगावला उतरा. सोबत कॅमेरा आणू नका. महामार्गाकडेला धावणाऱ्या पोरांसमोर उभं राहून त्या सुईचं नाव घ्या, ती काय करते ते सांगा आणि तुम्हाला कोणी, कुठे, कशी दिली तेही सांगा. तुमचं ऐकतील ती. आमचं ऐकत नाहीत.

आणि पत्र वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, घरातलं पोर भरतीसाठी धावत असेल, तर त्याचा वेळ किती सेकंदांनी सुधारला एवढंच विचारू नका. कशानं सुधारला, तेही विचारा. सुई सापडली तर मारू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. भरती पुन्हा निघते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक आटगावकर