पैसे वसूल होईपर्यंत

फुकटच्या गोष्टीचा कंटाळा आला की मराठी माणूस उठून जातो. पैसे भरलेल्या गोष्टीचा कंटाळा आला तर बसून राहतो. आमची ही सध्या एक कोरियन मालिका बघते आहे. "आवडतेय का?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अजून नाही. पण पाचव्या भागानंतर पकड घेते म्हणतात." आणि पैसे भरलेत. करमणूक कसली, हप्ते फेडणंच चाललंय.

ही वसुली आमच्या घरात शिरली ती डिसेंबर 2021 मध्ये. त्या महिन्यात नेटफ्लिक्सने दर उतरवले. फक्त मोबाइलवर बघायचं असेल तर महिन्याला 149 रुपये. त्याच महिन्यात प्राइमची वार्षिक वर्गणी 999वरून 1,499वर चढली. आम्ही दोन्ही घेतली. पहिलं स्वस्त झालं म्हणून आणि दुसरं महाग व्हायच्या आत. या हिशेबात आपल्याला नक्की काय बघायचंय, हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. पुढे मोबाइलवर बघून मान धरली म्हणून टीव्हीचा मोठा प्लॅन आला. जाहिरातींना कंटाळून केबल काढली, तर जून 2025 पासून प्राइम व्हिडिओवरही जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी 699. एखादी गोष्ट न दाखवण्याचे पैसे घेणारा धंदा मी प्रथमच पाहिला.

जुलै 2023 मध्ये नेटफ्लिक्सने भारतात जाहीर केलं की एक खातं एकाच घरासाठी. एका छताखाली राहतात तेच कुटुंब! आमच्या पासवर्डावर तोवर नाशिकचे साडू, त्यांच्या वरच्या मजल्यावरची वहिनी आणि वहिनींचा इंजिनिअरिंगचा भाचा एवढे लोक नांदत होते. ते बंद झाल्यावर साडूंनी माझ्या तब्येतीची चौकशी करणंही बंद केलं. ती चौकशी ही ओटीपीची प्रस्तावना होती, हे तेव्हा उमगलं.

रिझर्व्ह बँकेला मात्र आपला स्वभाव ठाऊक असावा. पैसे आपोआप कापले जायच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचं, हा तिचा नियम. मेसेज येतो. आम्ही दोघं तो वाचतो. "एवढा महिना बघू, पुढच्या महिन्यात नक्की बंद करू," असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि चोवीस तास संपतात.

आता फोन. पुतण्याने आयफोन 17 प्रो घेतला. किंमत 1,34,900. मी लगेच भागाकार केला : नेटफ्लिक्सचा 649 रुपयांचा सगळ्यात महाग प्लॅन या पैशांत सतरा वर्षं चालला असता. (हे बायकोला सांगितलं, तर सतरा वर्षं बघावं लागेल या कल्पनेनेच ती दमली.) "काका, नो-कॉस्ट ईएमआय आहे," पुतण्या म्हणाला. त्या नो-कॉस्टमध्ये प्रोसेसिंग फी असते, आणि जे व्याज माफ केल्याचं दाखवतात त्यावरचा 18 टक्के जीएसटी आपणच भरतो. डब्यात चार्जर नाही, तो वेगळा घ्यायचा. रंग कोणता घ्यावा यावर घरात आठवडाभर खल झाला, शेवटी केशरी ठरला. दुसऱ्याच दिवशी त्यावर फुटपाथवरचं जाड काळं कव्हर चढलं. केशरी रंग आता फक्त बिलावर आहे.

कॅमेरा 48 मेगापिक्सेलचा. एकदा पुतण्याने मोदकाचा फोटो काढला, पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी असा. मग तो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. व्हॉट्सअॅपने नेहमीप्रमाणे तो दाबून बारीक केला, आणि आत्याने खाली लिहिलं, "लसूण छान आहे."

तरी महागडा फोन म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं मी म्हणणार नाही. सॅमसंगने एस 24 मालिकेपासून सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलंय. फोन तेवढी वर्षं वापरला, मध्ये एकदा बॅटरी बदलली, तर हिशेब बसतो. पण सात वर्षं एकच फोन वापरणारा माणूस लाखाचा फोन घेत नाही आणि लाखाचा घेणारा दोन वर्षांत विकायला काढतो, अशी ही अडचण आहे. ज्याचं पोट फोटो-व्हिडिओवर आहे त्याने खुशाल घ्यावा. बाकीच्यांना मधल्या किमतीचा पुरतो. सकाळचे सुविचार त्यावरही तितक्याच वेगाने पुढे जातात.

वर्गण्यांचं म्हणाल, तर आधी आपल्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये काय फुकट मिळतंय ते बघा. बऱ्याचदा एखादं ओटीटी तिथेच पडून असतं. त्यापलीकडे एका वेळी एकच घ्या, महिन्यापुरतं, आणि घेतल्या दिवशीच पुढचं नूतनीकरण रद्द करून टाका. भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो. बँकेचा तो मेसेज तुम्हाला आजच आला असेल, तर हा लेख राहू द्या बाजूला, आधी ते काम उरका.