किती फूट, किती माणसं?

आमच्या मेहुण्यांना जत्रेत देवापेक्षा आकाशपाळण्याची ओढ जास्त. दर्शनाची रांग ताईच्या गळ्यात घालायची, थेट पाळण्याखाली जायचं आणि मान मागे टाकून विचारायचं, "किती फूट?" पाळणेवाला कुठल्याही गावचा असो, उत्तर शंभराच्या खाली येत नाही. मग मेहुणे एका डब्यात किती माणसं ते विचारतात, डबे मोजतात, चाराने गुणतात आणि "हॅ!" म्हणतात.

हा "हॅ" शिकागोपर्यंत पोचतो. तिथल्या १८९३च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने उभारलेलं चक्र त्यांना घरच्या कुलदैवतासारखं पाठ आहे. उंची २६४ फूट, डबे ३६, एकेका डब्यात साठ माणसं. एकूण २,१६०! "अख्खं वऱ्हाड बसवा, वर बँडवाले घ्या, तरी जागा उरते," असं ते ऐकवतात. भरायला मात्र वेळ लागे. एका वेळी सहा डबे, म्हणून पहिला फेरा थांबत थांबत. सलग फिरण्याचं सुख दुसऱ्या फेऱ्यात.

पण हे अजस्र प्रकरण फिरतं होतं, फिरस्तं नव्हतं. सोडवून शिकागोतच दुसरीकडे उभं केलं, मग १९०४ला सेंट लुइसला नेलं आणि १९०६मध्ये चक्क सुरुंग लावून उडवलं. फेरिसच्या चक्रात बसून आलेल्या सलिव्हन नावाच्या गृहस्थाने १९००मध्ये इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलला स्वतःचं चक्र काढलं. ४५ फूट, बारा बाकं. मेहुण्यांच्या हिशेबात हे "हॅ"च्याही खालचं. पण सलिव्हनच्या कारखान्याची चक्रं गावोगावच्या जत्रांत पोचली. उंचीचा आणि ट्रकचा छत्तीसचा आकडा असतो, हे त्याला कळलं होतं.

फिरस्त्यांतही काही गब्बर आहेत. पॅरिसने २००० सालासाठी उभारलेलं साठ मीटरचं, ४२ डब्यांचं चक्र नंतर देशोदेशी हिंडलं. त्याला पक्का पाया लागत नाही, बुडाशी चाळीस हजार लिटर पाणी भरलं की ते जागचं हलत नाही. हे ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कळवळले. "दहा हजारी चार टँकर! आणि कोणी आंघोळसुद्धा करत नाही?"

आपल्या जत्रेतल्या पाळण्याची खरी करामत मात्र पाळणेवाल्याच्या नजरेत असते. एकीकडचे डबे जड झाले की चक्र तिकडे ओढ खातं आणि इंजिन कण्हायला लागतं. म्हणून तो माणसं ओळीने भरत नाही, समोरासमोर तोलून भरतो. वजनकाटा नाही, विचारपूस नाही. एक नजर टाकतो आणि, "काकू, तुम्ही थांबा. ए पोरांनो, तुम्ही तिघं चला." नवराबायकोची ताटातूट होते, नवीन लग्न झालेलं असलं तरी. मापात पाप करणं त्याला परवडत नाही.

यंदा मेहुण्यांनी नेहमीचा दुसरा प्रश्न टाकला, "एका डब्यात किती माणसं बसतात?"

पाळणेवाल्याने त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"तशी चार बसतात, साहेब. तुम्ही बसणार आहात का?"

मेहुणे बसले. एकटेच. समोरच्या डब्यासाठी पाळणेवाला गर्दीत माणसं शोधायला गेला.