बोटाला पटेल तो

एअरब्रश कोणता घ्यावा असं विचारलं, की माहीतगार माणूस आधी सुईचं माप सांगतो. ०.२ मिलिमीटरची घ्या, बारीक काम होतं. ०.३ ची घ्या, सगळंच काम होतं. ०.५ ची असू द्या, प्रायमर मारायला बरी पडते. मग हवेचा दाब किती ठेवायचा, कंप्रेसर टाकीवाला घ्यायचा की बिनटाकीचा, असं एकेक निघत जातं आणि तासाभरात विचारणारा कागद-पेन्सिल घेऊन बसतो. पण हे यंत्र जिला चालवायचंय त्या उजव्या हाताच्या तर्जनीला कुणी काही विचारत नाही. तिची लांबी मोजत नाहीत, की सांधे दुखतात का म्हणून चौकशी करत नाहीत.

प्लास्टिकची विमानं, रणगाडे, जहाजं जोडून रंगवण्याचा आमचा छंद तसा निरुपद्रवी आहे. विमान असेल तर बहात्तरपट किंवा अठ्ठेचाळीसपट लहान, रणगाडा असेल तर पस्तीसपट. एवढ्याशा वस्तूवर कुंचल्याने रंग लावला तर केसांचे ओरखडे दिसतात. खऱ्या विमानावर कुंचल्याचा ओरखडा नसतो, असलाच तर बहात्तरपट लहान होऊन तो दिसायचा नाही. म्हणून हवेने रंग उडवायचा. इथवर सगळं शास्त्रशुद्ध आहे. पुढे बोटाचा प्रश्न येतो.

बहुतेक चांगले एअरब्रश ‘डबल ॲक्शन’ असतात. अंगावर एक छोटीशी कळ असते. खाली दाबली की हवा सुटते, दाबून मागे ओढली की सुई मागे सरकते आणि रंग येतो. जितकी मागे, तितका रंग जास्त. सुरुवात करताना आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम उलटा झाला की नोजलच्या तोंडाशी थेंब बसून राहतो आणि पुढच्या खेपेला कळ दाबताक्षणी फट्‌कन पंखाच्या मधोमध जाऊन पडतो. म्हणजे एकाच बोटाने एकाच वेळी दोन दिशांना दोन कामं करायची, आणि तीही अर्धा-अर्धा मिलिमीटर जपून. आयुष्यभर दारावरची बेल वाजवण्यापलीकडे या बोटावर कसली जबाबदारी पडलेली नसते.

ज्यांनी हे यंत्र काढलं त्यांच्या डोक्यात विमानं असणं शक्यच नव्हतं. अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी १८७६ साली रंगाच्या फवाऱ्याचं पेटंट घेतलं. पुढे जुळ्या भावाबरोबर वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढणारे स्टॅन्ली ते हेच. १८७९ मध्ये आयोवातल्या ॲबनर पीलर यांनी आपलं खटपटीचं यंत्र बनवलं, त्याला ते ‘पेंट डिस्ट्रिब्यूटर’ म्हणत. आणि १८९३ च्या सुमाराला चार्ल्स बर्डिक यांनी पेनासारखा हातात बसणारा, हवा आणि रंग पोटातच मिसळणारा ब्रश आणला. आजचे ब्रश थोड्याफार फरकाने त्याच घराण्यातले. त्या काळी त्याचं मोठं काम म्हणजे फोटो सुधारणं. गालावरचे व्रण झाकायचे, मिशीला उठाव आणायचा, मागची पडकी भिंत ढगांत बुडवून टाकायची. फोटो आपला टेबलावर निमूट आडवा पडून असतो. विमानाला मात्र दोन पंख आणि एक शेपूट असते. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात ब्रश धरून, पोटाखालच्या खोबणीत रंग पोहोचवताना मनगटाचं काय होतं, याचा विचार बर्डिकसाहेबांनी करावा अशी अपेक्षा धरणं गैर आहे.

बोटाची खरी परीक्षा पाहायची असेल तर माक्की सी-२०२ हे दुसऱ्या महायुद्धातलं इटालियन लढाऊ विमान घ्यावं. वाळूच्या रंगावर हिरवी कडी-कडी काढलेली, धुराच्या वलयांसारखी, म्हणून या रंगसंगतीला ‘स्मोक रिंग’च म्हणतात. आफ्रिकेतल्या आघाडीवर हे विमान असं दिसे. आता हिशेब करा. खऱ्या विमानावर जे कडं तीस सेंटिमीटरचं, ते बहात्तरपट लहान झालं की चार मिलिमीटरचं. आत वाळूचा ठिपका मोकळा राहायला हवा, कडा किंचित धूसर हव्यात, पण रंगाची धूळ शेजारच्या कड्यावर बसता कामा नये. अशी कडी सगळ्या धडावर आणि पंखांवर. नोजल प्लास्टिकपासून सेंटिमीटरभर अंतरावर आणायचं, दाब उतरवायचा, रंग आणखी पातळ करायचा, श्वास धरायचा आणि कळ जेमतेम सरकवत मनगट गोल फिरवायचं. दहा-बारा कडी जमतात. मग बोट म्हणतं, आता पुरे. त्या वेळी समजतं की कळेखालची स्प्रिंग दणकट असणं हा गुण नसून छळ आहे.

बऱ्याच ब्रशांच्या मागच्या दांड्यात स्प्रिंग सैल करायची सोय असते. काहींच्या शेपटाला एक फिरकी असते, ती आवळली की सुई ठरावीक अंतराच्या मागे जाऊच शकत नाही. शुद्ध साधक या फिरकीला नाक मुरडतात. नवशिक्यांची काठी म्हणतात. मला ती सकाळच्या दुसऱ्या चहानंतर फार उपयोगी वाटते. आणि ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्यासाठी बाजारात ही कडी छापलेले डिकल मिळतात, पाण्यात भिजवायचे आणि चिकटवायचे. साधक त्यांचं तर नावही घेत नाहीत.

बोटाच्या दुखण्यावर दुसरा उतारा पिस्तुलाच्या घाटाचा. मूठ वळून धरायचा, चाप ओढायचा. थोडा ओढला की हवा, आणखी ओढला की रंग. एकच दिशा, त्यामुळे तर्जनीची ओढाताण संपली. टामियाचे असे ब्रश आहेत, मिस्टर हॉबीच्या प्रोकॉन बॉय मालिकेत आहेत, अमेरिकेतल्या ग्रेक्सची तर ख्यातीच या घाटावर आहे. सांधेदुखी असणाऱ्यांनी निःशंक हाच घ्यावा. रणगाड्याला एकसारखा हिरवा मारायचा तर याच्यासारखं सुख नाही. पण कडी काढायला बसलं की मुठीतून येणारी रेघ आणि पेरांतून येणारी रेघ यांत फरक पडतो असं माझं मत आहे. आपण अक्षरं पेरांनी काढतो, मुठीने नव्हे. हे मत न पटणारे आणि माझ्यापेक्षा फार सुंदर रंगवणारे लोक आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

वजनाचा बाऊ मात्र उगाच करतात. एअरब्रश शंभर ग्रॅमच्या आसपासचा असतो, ते हाताला कळतही नाही. जड होते ती त्याला लटकलेली नळी. जाड रबरी नळी आपल्या मनाप्रमाणे वळते, तुमच्या नव्हे. तुम्ही ब्रश डावीकडे न्यायला लागलात की ती त्याला उजवीकडे ओढते. यावरचा इलाज मी पेणला गणपतीच्या कारखान्यात पाहिला. तिथे अंगकांतीचं काम, गालांवरची आणि सोंडेवरची छटा, फवाऱ्यानेच देतात. डोळ्यांची आखणी तेवढी कुंचल्याने. रंगकाम करणाऱ्या माणसाने नळी खांद्यावरून मागे टाकली होती. पंचा टाकतात तशी, अगदी सहज. नळीचा भार खांद्यावर, मनगट मोकळं. समोर मूर्तींची रांग आणि याचा हात एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेकडे न अडखळता जात होता. ब्रश कुठल्या कंपनीचा हे विचारावंसंही वाटलं नाही. पातळ, मऊ नळी घ्यावी आणि ती खांद्यावरून घ्यावी, एवढं मी तिथून उचललं.

नळीवरून आठवलं. सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच आटे ठेवावेत एवढी साधी गोष्ट यांना शंभर वर्षांत जमलेली नाही. जपानी इवाटाचे आटे एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश मापाचे, ते निदान पुष्कळ जणांशी जुळतात. मूळच्या शिकागोच्या पाशेचे आटे वेगळे, बॅजरचे त्याहून वेगळे. मध्ये जोड लागतो. तो शोधायला मी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथे जगातला कुठलाही नट मिळतो, फक्त तो कशासाठी हवाय हे सांगावं लागतं.

“पाण्याच्या लायनीला का गॅसच्या?”

“हवेच्या.”

“टायरच्या?”

“नाही हो काका, रंगाच्या. विमान रंगवायचंय.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पोऱ्याला हाक मारली. “अरे, यांना लोहगावच्या विमानतळाचं काम आहे, पितळी दाखव.”

जोड मिळाला. तो आजही तसूभर हवा सोडत नाही.

रंग भरायची वाटीसुद्धा सोयीत मोडते. ब्रशच्या डोक्यावर असेल तर रंग आपल्या वजनानेच खाली उतरतो, कमी दाबात काम भागतं आणि चार थेंबांतही एखादा कोपरा रंगवून होतो. पोटाखाली बाटली लटकणारे ब्रश मोठ्या कामाला ठीक, पण ती बाटली नेमकी विमानाच्या शेपटीला जाऊन धडकते. डोक्यावरची वाटी फार मोठी असली तर नोजलचं टोकच दिसत नाही, आणि चाळिशीच्या चष्म्यावर भिंग चढवून बसलेल्या माणसाला नेमकं तेच पाहायचं असतं. वाटी लहान असावी. झाकण मात्र असावंच, कारण पोट रंगवताना ब्रश कधी ना कधी उलटा होतो.

आणि रंग किती पातळ करायचा? याचं जगभरातलं उत्तर एकच: दुधाइतका. हे उत्तर ज्याने शोधलं त्याने पुण्यात दूध घेतलेलं नसणार. गायीचं का म्हशीचं, हे सांगितल्याशिवाय इथे पिशवीसुद्धा मिळत नाही. माझ्यापुरता निकाल असा, की वाटीच्या भिंतीवर रंग चढवून पाहायचा. तो मागे पातळ पडदा सोडत झरझर उतरला तर बरोबर. पंधरा ते वीस पीएसआय दाबाला तो चालतो. जास्त दाट झाला तर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो, फार पातळ झाला तर कोळ्याचे पाय फुटल्यासारखा चहूकडे पळतो. मे महिन्यात ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो, दर दोन मिनिटांनी टोक पुसावं लागतं. पावसाळ्यात उलट तऱ्हा. कंप्रेसरमधली गरम हवा नळीत निवते, तिच्यातली वाफ पाणी होते आणि ते पाणी रंगात मिसळून पंखावर येतं. त्यासाठी पाणी अडवणारी कुपी मध्ये बसवतात. जुलैत ती पाहिली तर आपण हवा घेतोय की नळजोड, असा प्रश्न पडतो.

पण खरं सांगायचं तर हे सगळं दुय्यम. रंगवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ब्रश धुण्यात जातो. दुकानात, चित्रांत, कौतुकात कुठेही हे कुणी बोलत नाही. प्रत्येक रंगानंतर वाटी धुवायची, थिनर फुंकून काढायचा. दिवसाअखेर मागचा दांडा काढायचा, सुई बाहेर ओढायची, पुसायची. पुसताना टोकाच्या दिशेने पुसायची, उलटं फडकं नेलं तर टोकाला आकडा पडतो आणि मग रेघ कायमची एका अंगाला झुकते. मग नोजल. हे तीन-चार मिलिमीटरचं पितळी शंकू प्रकरण म्हणजे अख्ख्या ब्रशाचा जीव. काही ब्रशांत ते आट्यांवर बसतं, काढायला चिमुकला पाना लागतो, आणि तो जरा जास्त आवळला की नोजलची मान मोडते. नवं नोजल ब्रशाच्या किमतीच्या मानाने अंगावर येतं. काहींत ते नुसतं आत सोडायचं, वरून टोपी फिरवली की आपोआप मधोमध बसतं. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकचे ब्रश असे, इवाटाच्या एक्लिप्सचंही तसंच. सोयीचा ब्रश म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी सुईचं माप सांगणार नाही. बेसिनपाशी पाना न शोधता जो उघडतो, तो.

बेसिनच्या भोकाला आधी बूच लावावं. आणि जमीन मोझॅइकची असेल तर खाली पांढरी चादर अंथरावी. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या फरशीवर पितळी नोजल पडलं की ते त्याच क्षणी फरशीचा भाग होतं. मग टॉर्च जमिनीला समांतर धरून, गाल फरशीला टेकवून शोधायचं. घरातलं कुणी ना कुणी नेमकं त्याच वेळी दारात येऊन उभं राहतं आणि काही विचारतही नाही. आतून घासायला दातांच्या फटींत घालायचे बारीक ब्रश उत्तम. फक्त ते बेसिनवरच्या पेल्यात ठेवू नयेत, वेगळ्या डबीत ठेवावेत आणि डबीवर ठळक अक्षरांत लिहावं.

गेल्या महिन्यात भाच्याचा नाशिकहून फोन आला. त्याला हा छंद लागायचाय. “मामा, एअरब्रश कुठला घेऊ ते एकदाच सांग. दोनेक हजारांतही दिसतायत, पंधरा हजारांच्या पुढचेही दिसतायत.” मी त्याला सगळं सांगितलं. स्वस्तातला घेतलास तरी चालेल, पण सुटे भाग मिळतायत का ते आधी बघ. डोक्यावर वाटी, ०.३ ची सुई, आत सोडायचं नोजल, हलकी स्प्रिंग. मागचा दांडा कापलेला असेल तर फारच बरं, ब्रश तुंबला की सुई तिथूनच मागेपुढे करता येते. नळी पातळ. तोंडाला मास्क, कापडी नव्हे, वाफ अडवणारा. खिडकी उघडी. त्याने सगळं लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. नोजल आट्यांचं नको, हे त्याने स्वतःहून अधोरेखित केलं म्हणाला. मला बरं वाटलं.

“आणि पहिलं कुठलं विमान करतोयस?” मी विचारलं.

“विमान अजून नाही घेतलं,” तो म्हणाला. “आधी कंप्रेसरचं ठरवू. टाकी तीन लिटरची पुरेल का रे?”