सतरंजी धुणार कोण?

सतरंज्या उचलता उचलता आमदार झालेल्यांची उदाहरणं प्रत्येक पक्ष नव्या कार्यकर्त्याला सांगतो. सतरंजी धुऊन कोणी साधा सरपंच झाल्याचंही ऐकिवात नाही. शिरूर आणि दौंड हे दोन तालुकेच घ्या, मध्ये भीमा नदी. लोकसभेला एक तालुका शिरूर मतदारसंघात, दुसरा बारामतीत. सतरंज्या मात्र दोन्हीकडे सारख्याच मळलेल्या.

खरं तर सतरंजी धुण्याची रीत घटस्थापनेआधी अंथरूण-पांघरूण धुवायला काढणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आधी दोरीवर उलटी टाकून काठीने झोडायची, कारण माती वर दिसते त्याहून जास्त विणीत मुरलेली असते. मग कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून रंग जातो का, ते पाहायचं. कार्यकर्त्याचा रंग निकालानंतर कळतो, सतरंजीचा आधी तपासता येतो. पुढे भिजवणं, घासणं, साबण पुरता निघेपर्यंत खळबळणं आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन. साबण राहिला तर धूळ पुन्हा लवकर चिकटते. ओल राहिली तर भाषणाआधीच वास सुटतो.

अडचण पाण्याची. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळते. तिथून खाली सतरंजीपेक्षा नदीच धुवायला आलेली.

पक्षांचा तोडगा सोपा आहे. एक बाजू मळली, की उलटी अंथरायची. दुसरीही मळली, की पलीकडच्या पक्षाच्या सभेतली मागवायची. मंडपवाला एकच असतो.