टाके कोण काढणार?

गुडघा पुण्यात बदलून घ्यायचं ठरलं की कॅनडातल्या सरे शहरातल्या मराठी घरांत हिशेब मांडला जातो. सर्जनची फी, खोलीचं भाडं, विमानाचं तिकीट, सोबत कोण जाणार. टाके कोण काढणार, हे मात्र त्या कागदावर कुठेच नसतं.

जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. गुडघा किंवा खुबा बदलण्यासाठी कॅनडाने स्वतःला २६ आठवड्यांची मुदत घालून घेतली आहे आणि ती अनेकांच्या बाबतीत पाळली जात नाही. तिकडे भारत सरकारने २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कळ येणाऱ्या बाईला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

माझा राग पुढच्या भागावर आहे. रुग्णालयाचं पॅकेज डिस्चार्जपाशी संपतं. मग ड्रेसिंग, रक्त पातळ ठेवणारी औषधं, गुडघा वाकवण्याचा रोजचा व्यायाम हे सगळं आठवडेच्या आठवडे चालतं. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही या काळात असतो आणि व्हँकूवरपर्यंतचा प्रवास जवळजवळ दिवसभराचा. परतीची तारीख सर्जनने ठरवायची असते, नातवाच्या सुट्टीने नव्हे.

परतल्यावर जखम चिघळली तर सरे मेमोरियल रुग्णालयाच्या इमर्जन्सीत तपासतील. पण तिथे आज एक डॉक्टर, उद्या दुसरा. पाठपुरावा असा होत नाही. फॅमिली डॉक्टर नसलेली घरं इथे थोडी नाहीत, आणि ज्यांना आहे तेही ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून ऑपरेशनचं लपवतात. हे लपवणं धोक्याचं आहे. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात एनडीएम-१ हे जनुक असलेला जीवाणू सापडला. भल्याभल्या अँटिबायोटिक्सना तो दाद देत नाही. म्हणूनच परदेशी रुग्णालयात राहून आलेल्यांची इथल्या रुग्णालयांत वेगळी तपासणी करतात. तुम्ही सांगितलंच नाही, तर ती कशी होणार?

बाहेर उपचार घेणाऱ्याला सांभाळणं सरकारला जमत नाही असंही नाही. २०२३ मध्ये रेडिएशनची रांग वाढली तेव्हा आपल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचे रुग्ण सीमेपलीकडे अमेरिकेत बेलिंगहॅमला पाठवले. सरेच्या पीस आर्च नाक्यापासून ते तासाभराच्या आत. प्रवास, राहणं, जेवण सरकारी खर्चाने. सरकार पाठवतं तेव्हा माणूस शेवटपर्यंत सांभाळला जातो. रांगेला कंटाळून स्वतःच्या पैशाने गेलेला माणूस त्याच प्रांताचा करदाता आहे. त्याचे टाके काढायला नर्सची एक ठरलेली वेळ द्यायला काय हरकत आहे? फिजिओथेरपीचा खर्च तर अनेकांना स्वतःच करावा लागतो. एमएसपीची, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याची, मदत कमी उत्पन्नवाल्यांपुरती, भेटीला २३ डॉलर, वर्षाला दहा भेटी.

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांनीही हात झटकू नयेत. डिस्चार्जच्या फाइलमध्ये ऑपरेशनची पूर्ण नोंद, दिलेल्या औषधांची नावं आणि इम्प्लांटचा स्टिकर हवाच. कंपनी, आकार, लॉट नंबर त्या स्टिकरवर असतो. पाच वर्षांनी तो गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली, तर इथला सर्जन आधी तोच मागेल. ‘परदेशी पेशंट’ म्हणून जाहिरात करता, मग त्या पेशंटच्या इथल्या डॉक्टरशी बोलायला एक माणूस नेमा.

आणि घरच्यांनो, तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरकडे, नाहीतर जवळच्या अर्जंट केअर सेंटरमध्ये जाऊन सरळ विचारा: अमुक तारखेला परत येतोय, जखम बघाल का? तिथून ‘हो’ मिळालं नाही, तर बरं वाटेपर्यंत बहिणीकडे, भावाकडे पुण्यातच राहायची तयारी ठेवा. तेवढ्या आठवड्यांचा खर्च, फिजिओची फी आणि सोबत्याची बिनपगारी रजा धरूनही पुणं स्वस्त पडत असेल, तर जरूर जा.