अर्ध्या गुणाचा कवी

24 जानेवारी 2008. रोममध्ये इटलीच्या सिनेटमध्ये प्रोदी सरकारवरच्या विश्वासमताची चर्चा चालली होती. सरकारची साथ सोडलेले क्लेमेंते मास्तेला बोलायला उठले आणि पाब्लो नेरुदांची म्हणून एक कविता त्यांनी वाचून दाखवली. सवयींचा गुलाम झालेला, प्रवास आणि वाचन सोडून बसलेला माणूस हळूहळू मरू लागतो, असा तिचा आशय. सरकार त्याच दिवशी पडलं. पाठोपाठ जगभर बोभाटा झाला की कविता नेरुदांची नव्हतीच. ती ब्राझीलच्या मार्था मेदेइरोस यांची. पोर्तो अलेग्री शहरातल्या दैनिकात त्या सदर लिहितात आणि 2000 साली त्या सदरातच हा मजकूर आला होता, पोर्तुगीज भाषेत. नेरुदा लिहायचे स्पॅनिशमध्ये, आणि ते 1973 सालीच गेले. नेरुदांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेनेही ही कविता त्यांची नसल्याचं सांगून टाकलं.

त्यानंतर दहा वर्षांनी, 2018 साली, महाराष्ट्रात दहावीचं इंग्रजीचं नवं पाठ्यपुस्तक आलं. त्यात दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच हीच कविता आहे, ‘यू स्टार्ट डाइंग स्लोली’. खाली कवीचं नाव: पाब्लो नेरुदा.

आता परीक्षेकडे या. याच पुस्तकाबरोबर कवितेच्या रसग्रहणाचा पाच गुणांचा प्रश्न आला. शाळेत सगळे त्याला ‘अप्रीसिएशन’ म्हणतात. त्याची विभागणी मुलांना तोंडपाठ असते: शीर्षक अर्धा, कवीचं नाव अर्धा, यमकयोजना एक, अलंकार एक, मध्यवर्ती कल्पना दोन. म्हणजे ‘पाब्लो नेरुदा’ लिहिलं की अर्धा गुण पदरात. एखाद्या मुलीने घरी शोध घेऊन मार्था मेदेइरोस हे खरं नाव लिहिलं, तर पुस्तकाबरहुकूम तपासताना तिचा अर्धा गुण जाणार. शाळेने शिकवलेलं चुकीचं लिहिणारा पुढे आणि स्वतः शोधून बरोबर लिहिणारी मागे. साहित्याच्या शिक्षणाचं याहून वाईट काय होऊ शकतं?

पुस्तक करणाऱ्यांनी नाव पडताळायला हवं होतं, हे तर उघडच आहे. मला त्याहून जास्त लागतं ते वर्गातलं मौन. नेरुदांनी कांद्यावर ओड लिहिली, मिठावर लिहिली. वस्तू हातात धरून तिचा वास येईपर्यंत लिहिणारा हा कवी. असं करा, तसं करू नका, नाहीतर मराल, अशी उपदेशाची यादी त्याच्या हाताला शोभत नाही. नेरुदांच्या दोन कविता वाचलेल्या कुणालाही हे खटकावं. पण खटकण्यासाठी कविता वाचावी लागते, आणि आपली प्रश्नपत्रिका वाचायला सांगतच नाही. कविता पुस्तकातली, तिचं रसग्रहण गाइडमधलं, मुलाचं काम एवढंच की ते न चुकता उतरवायचं. मुक्तछंदाच्या कवितेपुढेही मूल इमानदारीने ‘नो राइम स्कीम’ लिहितं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतं. तिथे यमक का नाही, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. बारावीत तर ‘तुमचं मत’ असाही मुद्दा असतो. ते मतही गाइडमध्ये छापून मिळतं.

आय. ए. रिचर्ड्स हे केंब्रिजचे प्राध्यापक. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या, कवींची नावं काढून, आणि जे वाटेल ते लिहा म्हणाले. ती उत्तरं त्यांनी 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात मांडली. नावाचा आधार गेला आणि शिकलीसवरलेली मुलं चाचपडू लागली. नामांकितांच्या कविता त्यांनी झिडकारल्या, सुमार कविता डोक्यावर घेतल्या. वाचनातल्या ज्या अडचणी रिचर्ड्सनी नोंदवल्या, त्यांतली एक म्हणजे साचेबंद प्रतिसाद: कविता वाचायच्या आधीच मनात तयार असलेला. रिचर्ड्स त्याला रोग समजत होते. आपण त्या रोगाला पाच गुण देतो.

यावर शिक्षकांचं उत्तर मला माहीत आहे आणि मी ते हलकं समजत नाही. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी ही तिसरी भाषा. घरी कुणी बोलत नाही, गावात ऐकू येत नाही, वर्गात साठ मुलं. रसग्रहणाचे हे हुकमी गुण त्याला पासापर्यंत नेतात. ते काढून घेतले तर पहिला मार त्यालाच बसेल. खरं आहे. मग हुकमी गुण व्याकरणात द्या, पत्रलेखनात द्या, हवे तर वाढवून द्या. कविता मात्र त्यातून सोडवा. कारण तोकडं इंग्रजी असलेल्या मुलाला सगळ्यात जवळची चीज कविताच आहे: थोडे शब्द, भरपूर मोकळी जागा, आणि अर्थ लावायला स्वतःचं आयुष्य.

अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ घ्या. 1976 साली आली, पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यातल्या म्हातारीच्या कवितेत नववीच्या मुलाला अडेल असा शब्द क्वचितच सापडेल. एक म्हातारी यात्रेकरूची बाही धरते, पन्नास पैसे मागते, बदल्यात देऊळ दाखवीन म्हणते, आणि त्याने झटकलं तरी सोडत नाही. पुरंदर तालुक्यातल्या मुलाने भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या चढलेल्या असतात. अशी म्हातारी त्याने पाहिलेली असते, कदाचित ती त्याच्या घरातही असते. त्या कवितेबद्दल त्याच्याकडे जे आहे ते पुण्याच्या कुठल्याही नामांकित शिकवणीत मिळणार नाही. त्याला विचारा: तू यात्रेकरू असतास तर पैसे दिले असतेस का? आणि तू म्हातारीचा नातू असतास तर? तो मोडक्या इंग्रजीत चार वाक्यं लिहील. ती चार वाक्यं त्याची स्वतःची असतील. पाचही गुण तिथे द्या.

तेच नेसिम इझिकेल यांचं. मुंबईत वाढलेले, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातले. त्यांची आईला विंचू चावल्याची कविता इंग्लंडमधल्या सोळा वर्षांच्या मुलांनी वर्षानुवर्षं परीक्षेसाठी वाचली. पावसाळी रात्र, कंदील, मंत्र, उतारा, बायाबापड्यांची गर्दी: लीड्समधल्या मुलाला त्यासाठी टिपा लागतात. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना लागणार नाहीत.

आता मुलांच्या स्वतःच्या लिहिण्याकडे येतो. दहावीत गोष्ट लिहायची असते. सुरुवात प्रश्नपत्रिका देते, शीर्षक मुलाने द्यायचं. शिकवणीत त्याचाही साचा मिळतो: एक गरीब प्रामाणिक मुलगा, एक पैशांचं पाकीट, एक बक्षीस, शेवटी तात्पर्य. इतक्या मुलांना रोज पाकिटं सापडू लागली तर पोलिसांना वेगळी चौकी उघडावी लागेल. मुलांकडे गोष्टी नाहीत म्हणून असं होतं, हे मला कुणी सांगू नये. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली, पाण्याच्या टँकरमागे धावलेली, मोबाइलवरून अख्ख्या वर्गात भांडणं लावलेली मुलं आहेत ही. त्यांच्याकडची गोष्ट गुणपत्रिकेत बसत नाही, एवढंच.

हे बसवता येतं. अमेरिकन कवी केनेथ कॉक 1960 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या एका साध्या सरकारी प्राथमिक शाळेत कविता शिकवायला गेले. पहिला नियम: प्रत्येक ओळ ‘मला वाटतं, असं व्हावं’ने सुरू करा, आणि ओळीत एक रंग घाला, एका गावाचं नाव घाला. यमक नको, कारण यमकाच्या मागे लागलं की मूल आपलं म्हणणं विसरतं. 1970 साली त्यांनी हे सगळं पुस्तकात लिहून काढलं. पुढच्या पुस्तकात त्यांनी मोठ्या कवींच्या कविता मुलांना दिल्या. विल्यम कार्लोस विल्यम्स यांची फ्रिजमधल्या, दुसऱ्याने राखून ठेवलेल्या फळांची छोटी कविता वाचायची आणि मग आपण लिहायचं: ज्या गोष्टीचं मनातून अजिबात वाईट वाटत नाही, तिची माफी मागा. हा एक तास घेऊन पाहा. अलंकार शिकवावे लागणार नाहीत, मुलांच्या ओळींतूनच ते निघतील आणि मग फळ्यावर त्यांची नावं लिहिता येतील. आधी ओळ, मग नाव. आपण आधी नाव पाठ करून घेतो आणि ओळ येतच नाही.

एक अडचण मात्र शिक्षकांपासूनच सुरू होते. इंग्रजीच्या किती शिक्षकांनी स्वतः एखादी कविता, एखादी गोष्ट लिहिली आहे? प्रशिक्षणात त्यांना पाठटाचणं लिहायला लावतात, कविता कुणी लिहायला लावत नाही. पोहता न येणाऱ्याने काठावरून हातवारे शिकवावेत तसं मग वर्गात होतं. सुट्टीतल्या प्रशिक्षणाचा एक दिवस तरी शिक्षकांनी लिहिण्यात घालवावा, एकमेकांचं वाचावं, एकमेकांच्या ओळी खोडाव्यात. लिहिताना किती लाज वाटते हे स्वतःला कळलं की मुलाच्या वहीवर लाल शाई जपून पडेल.

बोर्डाची वाट पाहायची गरज नाही. नववीची प्रश्नपत्रिका शाळाच काढते आणि दहावीतलेही वीस गुण शाळेच्या हातात असतात. येत्या सहामाहीला मुलांनी कधीच न पाहिलेली, दहा-बारा ओळींची एक कविता द्या. खाली नाव छापू नका. एकच प्रश्न विचारा: यातली कुठली ओळ तुला अडली किंवा आवडली, आणि का? गाइड छापणाऱ्यांनाही त्याचं उत्तर छापता येणार नाही.